कंपनी कोणती?

गिटार बॅगेतून पुरती बाहेरही आली नव्हती, तोच दुकानदाराने विचारलं, ‘कंपनी कोणती?’ म्हटलं, घरी बनवलीय. त्याने बॅगेची चेन लावली. स्वतःच्या हाताने लावली आणि बॅग माझ्याकडे सरकवली. ‘लोकल पीस आम्ही घेत नाही.’

बाकी हकिकत थोडक्यात सांगतो. पेठेतला एक वाडा पाडला, त्याच्या सागवानी तुळईचा तुकडा मिळाला. आत गंजके खिळे. रंध्याचं पातं गेलं म्हणून सुतार माझ्यावर उखडला. मापं मी काढली. तारेची लांबी 648 मिलिमीटर. तिला 17.817ने भागलं की मानेच्या टोकाच्या नटपासून 36.37वर पहिली फ्रेट. मग उरलेल्या लांबीला पुन्हा त्याच आकड्याने भागत जायचं. पिकअपसाठी मॅग्नेटभोवती केसाएवढ्या बारीक तांब्याच्या तारेचे आठेक हजार वेढे. सगळं जमलं, फक्त सातव्या फ्रेटपाशी जाड तार खरखरायची. फ्रेट एका पातळीत घासून घ्यायच्या होत्या, एवढंच काम.

लाकडाला बाक आलाय म्हणाला असता, दुप्पट पैसे मागितले असते, तरी चाललं असतं. पण न वाजवता, न बघता? बरं, डॉक्टर तरी पेशंटची नाडी बघतो! गिटारवादक लेस पॉलने 1940च्या सुमारास पाइनच्या चार बाय चार इंची ओंडक्यावर तारा चढवल्या, तेव्हा लोकांनाही आधी ओंडकाच दिसला. मग त्याने गिटारच्या पोकळ बॉडीचे दोन अर्धे भाग दोन्ही बाजूंना लावले. आवाजाला त्यांची काही गरज नव्हती, पण लोक खूश झाले. क्वीन बँडचा ब्रायन मे वडिलांसोबत 1963मध्ये बनवायला घेतलेली गिटार अजून वाजवतो. मान जुन्या फायरप्लेसच्या लाकडाची, बॉडीत चक्क ब्लॉकबोर्ड. त्याला विचारा की कंपनी!

खरं तर सॉलिड, म्हणजे भरीव बॉडीच्या इलेक्ट्रिक गिटारमध्ये लाकडाचं एवढं कौतुक करू नये. मॅग्नेटसमोर पोलादी तार थरथरली की पिकअपचं काम झालं. नवशिक्यांना मी सांगतो, साधं लाकूड घ्या, पैसा फ्रेट आणि ट्युनिंगच्या चाव्यांवर घाला. माझ्या सागवानाला मात्र कुणी साधं म्हटलेलं मला खपत नाही.

शेवटी एका मित्राने गाड्यांना रेडियम लावणाऱ्याकडे नेलं. आमचं आडनाव तिरप्या इंग्रजी अक्षरांत कापून घेतलं, हेडस्टॉकवर चिकटवलं आणि दुसरं दुकान गाठलं. तिथल्याने नाव वाचून मान डोलावली. ‘इम्पोर्टेड आहे ना? सातशे होतील.’ मी गप्प बसलो. पहिल्यापेक्षा याचाच राग जास्त आला. काम मात्र चोख केलं त्याने. दुसरी गिटार करायला घेतलीय, तीही त्याच्याकडेच नेईन. रेडियमही उरलंय थोडं.