सवय मोडण्याआधी

दसरा उलटला की पाथर्डी, शेवगाव, जामखेड या तालुक्यांतल्या वाड्यावस्त्या ओस पडू लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं बिऱ्हाड गाडीत टाकून ऊसतोडीला निघतात. कोणी आपल्याच अहिल्यानगर जिल्ह्यातल्या संगमनेर-कोपरगावच्या कारखान्यांकडे, कोणी पश्चिम महाराष्ट्रात, कोणी थेट कर्नाटकात. त्या गाड्यांत अशीही मुलं असतात, ज्यांना आवाज, उजेड, स्पर्श, वास किंवा स्वतःच्याच अंगाची हालचाल एकतर सोसवत नाही, नाहीतर पुरेशी जाणवत नाही. स्वमग्न मुलांत हे पुष्कळ दिसतं, पण त्यांच्यापुरतं ते मर्यादित नाही. घर, अंगण, आजी, शाळा हे सगळं एकदम सुटतं, उसाच्या वाढ्यांनी शाकारलेली कोपी येते, रात्री-अपरात्री ट्रॅक्टर धडधडतात, आणि मुलाला एखादी नवीच सवय जडते. शर्टाची कॉलर चावून चिंब करणं, ताटली गरगर फिरवत बसणं, कानावर थापा मारणं, माती खाणं. गाव न सोडणाऱ्या घरांतही हे घडतं. तिथे निमित्त जूनमधल्या नव्या वर्गाचं असतं किंवा डीजे लावलेल्या लग्नाचं. मग पालक विचारतात, ही सवय मोडायची कशी? अशा मुलांवर व्यवसायोपचार करताना माझं मत पक्कं होत गेलं आहे की हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकाचा आहे. पहिला प्रश्न असा, की ही सवय त्या मुलाला नेमकं काय देते? त्याचं उत्तर हाती येण्याआधी सवयीला हात लावू नये.

या म्हणण्याला आधार आहे. बाल्टिमोरच्या लिओ कॅनर यांनी १९४३ साली ११ मुलांचं वर्णन करून स्वमग्नतेची ओळख जगाला करून दिली, तेव्हाच त्यांनी नोंदवलं होतं की या मुलांना भोवताल जसाच्या तसा राहायला हवा असतो आणि बदलाने ती कासावीस होतात. पुनःपुन्हा तेच करण्याचा बदलाशी संबंध आहे, हे तेव्हापासून दिसत होतं. संवेदनांच्या अडचणींना मात्र निदानाच्या निकषांत जागा मिळायला बराच काळ गेला. अमेरिकी मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानपुस्तिकेची पाचवी आवृत्ती २०१३ साली आली, तिने संवेदनांना मिळणारा कमी-अधिक प्रतिसाद आणि तेच तेच वागणं ही दोन्ही एकाच गटात धरली. त्याआधी, १९८२ साली, ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्वतःला इजा करून घेणाऱ्या मुलांचा अभ्यास करून एक गोष्ट स्पष्ट केली होती. वरून सारखं दिसणारं वागणं एका मुलात लक्ष वेधण्यासाठी असतं, दुसऱ्यात नकोसं काम टाळण्यासाठी, तर तिसऱ्यात त्या संवेदनेसाठीच. म्हणजे कारण वेगळं तर उपायही वेगळा. ब्रिटनमध्ये २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात स्वमग्न प्रौढांना त्यांच्या हात हलवण्या-डोलण्याबद्दल विचारलं गेलं. त्याने मन थाऱ्यावर येतं, आणि कोणी ते बळाने बंद करायला लावलं की त्रास होतो, असं त्यांनी सांगितलं.

तेव्हा पहिलं काम पाहण्याचं. साधी शंभर पानी वही पुरते. सवय कधी दिसली, त्याच्या आधी काय घडलं, मुलाने नेमकं काय केलं, त्यानंतर त्याला काय मिळालं, एवढंच लिहायचं. आठ-पंधरा दिवसांत आकार दिसू लागतो. कॉलर चावणं फक्त गव्हाणीचं यंत्र सुरू झालं की होतं, का भूक लागली की, का दिवसभर? कानावरच्या थापा एकाच कानावर पडतात का? पडत असतील तर आधी कान तपासून घ्यायचा, कारण बोलता न येणाऱ्या मुलाचं दुखणं अनेकदा अशा सवयीतूनच बाहेर पडतं. किडलेला दात, बद्धकोष्ठ, जंत यांचंही तसंच. माती खाणाऱ्या मुलाचं हिमोग्लोबिन आधी पाहायचं. शरीरात लोह कमी असताना माती खाल्ली जाते, हे वैद्यकात जुनं ज्ञान आहे. सवय अचानक एक-दोन दिवसांत उफाळली, येत असलेलं बोलणं गेलं, किंवा मूल ती क्रिया करताना रडतं आणि तरी थांबू शकत नाही, तर डॉक्टरांकडे आणि गरज पडल्यास मानसोपचारतज्ज्ञांकडे न्यायला उशीर करू नये. ती बाब संवेदनेपलीकडची असू शकते.

दुखणं नाही, इजा नाही, आणि सवयीतून मुलाला आराम मिळतो असं दिसलं, तर दुसरं काम सुरू होतं. त्याच संवेदनेची सोय चांगल्या वाटेने करायची. कॉलर चावणाऱ्या मुलाच्या जबड्याला जोर लावायला काहीतरी हवं असतं. त्याला ज्वारीच्या भाकरीची खरपूस कड द्यावी. मूल मोठं असेल, चावून चोथा टाकता येत असेल, तर मोठ्या माणसाने समोर बसून सोललेलं उसाचं कांडं द्यावं आणि नंतर चूळ भरायला लावावी. अंग घुसळणाऱ्या, भिंतीवर आदळणाऱ्या मुलाला ओढण्या-उचलण्याचं काम द्यावं: पाण्याची कळशी, वैरणीची लहान पेंढी, कणीक तिंबणं. डोलणाऱ्याला लुगड्याची झोळी बांधून द्यावी. तिसरं काम सवयीला जागा आणि वेळ नेमून देण्याचं. ताटली फिरवायची ती कोपीच्या या कोपऱ्यात, जेवणानंतर, जेवताना नाही. आणि चौथं, येणारा बदल आधी दाखवण्याचं. बिऱ्हाड हलायच्या आठवडाभर आधीपासून गाडीचं, कोपीचं, परतीच्या घराचं चित्र रोज क्रमाने दाखवावं, आणि नव्या ठिकाणी तीच गोधडी, तीच ताटली, निजण्याआधीचा तोच क्रम न्यावा.

पहिला आक्षेप घरातूनच येतो: असे लाड केले तर सवय पक्की होईल. यात तथ्य आहे. मूल डोकं आपटतं म्हणून दर वेळी हातात मोबाइल दिला, तर डोकं आपटलं की मोबाइल मिळतो एवढंच ते शिकेल. म्हणूनच वहीतला शेवटचा रकाना महत्त्वाचा. सोय मागाहून, गप्प करण्यासाठी दिली की सवय पोसली जाते. ठरल्या वेळी, त्रास सुरू होण्याआधी दिली की तिची गरज ओसरण्याची शक्यता वाढते. नुसतं रागावून किंवा हात धरून सवय बंद केली, तर गरज तशीच राहते आणि अनेकदा दुसरी, अधिक इजा करणारी सवय तिची जागा घेते.

दुसरा आक्षेप जाणत्यांचा: या उपचारांना पुरावा कितीसा आहे? जीन एअर्स यांनी मांडलेल्या संवेदना-एकात्मता उपचारपद्धतीबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ साली स्पष्ट सांगितलं, की संशोधन अपुरं आहे आणि पालकांना ते सांगायला हवं. पुढे ब्रिटनमध्ये १३८ मुलांवर मोठी चाचणी झाली. नेहमीच्या सेवेपेक्षा तिथे ठळक फायदा दिसला नाही. वजनदार पांघरुणाच्या २०१४ च्या चाचणीत मुलांची झोप वाढली नाही, तरी मुलांनी आणि पालकांनी ते पांघरूणच पसंत केलं. हे सगळं मी मान्य करते, आणि त्यातूनच माझं म्हणणं अधिक घट्ट होतं. सरसकट सगळ्यांना एकच उपचार देऊन भागत नाही. या मुलाला, या वेळी, यातून काय मिळालं ते मोजावं लागतं. गोधडीने चार रात्री फरक पडला नाही तर ती बाजूला ठेवावी, आणि महागडं साहित्य घेण्यासाठी कर्ज तर मुळीच काढू नये.

तिसरा आक्षेप सर्वांत खरा आहे. पहाटे फडात उतरणारी, दिवसभर मोळ्या वाहणारी आई वही कधी लिहिणार? तिच्यावर हे ओझं टाकणं अन्याय होईल. खुणांचा तक्ता, रोजच्या दोन फुल्या, एवढंच तिच्याकडे मागावं. उरलेलं काम व्यवस्थेचं आहे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातल्या पालघरमधून सुरू झाला. त्याची पथकं अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुलं तपासतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात स्वमग्नतेची स्वतंत्र नोंद आहे. पण तपासणी गावात होते आणि मूल फडावर असतं. गट साधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाने वर्षभर टिपलेलं त्याच्यामागून जात नाही. त्या मुलाची एक पानाची नोंद, म्हणजे त्याला काय सोसत नाही, कशाने ते शांत होतं, कुठली सवय कधी आली, ही टोळीसोबत जायला हवी आणि कारखान्यावरच्या अंगणवाडीत वाचली जायला हवी. हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ मागे राहणाऱ्या मुलाबाबतही हेच.

यश कशात मोजायचं, हेही मग बदलतं. ताटली फिरवणं किती कमी झालं हा आकडा मला फारसा महत्त्वाचा वाटत नाही. मूल पोटभर जेवलं का, रात्री झोपलं का, इतर मुलांजवळ थोडा वेळ टेकलं का, हे पाहावं. ही तिन्ही होत असतील आणि ताटलीही फिरत असेल, तर ती खुशाल फिरू द्यावी.