अ‍ॅक्शनच्या साली

आमच्या आजीचा कालगणनेचा हिशेब साधा होता. “रझाकारात मी नांदायला आले, अन् अ‍ॅक्शनच्या साली तुझा बाप झाला.” इंग्रजीचं एक अक्षर न येणाऱ्या बाईच्या तोंडी हा ‘अ‍ॅक्शन’ कुठून आला, ते तिला विचारायचं राहून गेलं.

नळदुर्गला बोरी नदी ओलांडताना हटकून तो शब्द आठवतो. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरहून आलेल्या भारतीय फौजेनं इथला पूल शाबूत ताब्यात घेतला आणि निजामाच्या पलटणीशी किल्ल्यापाशी लढाई झाली. रणगाडे होते, विमानं होती. नाव मात्र पोलीस अ‍ॅक्शन! कारण तीन आठवडे आधीच निजामाच्या हैदराबाद संस्थानानं संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेकडे तक्रार नेली होती. युद्ध म्हटलं की समोर दुसरं राष्ट्र उभं राहतं. पोलीस म्हटलं की घरातला मामला. १६ तारखेला पॅरिसमध्ये परिषद बसली, १७ ला निजाम शरण आला आणि आठवड्याच्या आत त्यानं तक्रार मागे घेतल्याची तार धाडली.

जुलै १९४७ मध्ये डचांनी इंडोनेशियात फौज घातली, तेव्हा त्यांनीही तिला पोलीस कारवाईच म्हटलं होतं. त्या वेळी ते प्रकरण सुरक्षा परिषदेत नेणाऱ्यांत आपण होतो. दोन्ही गोष्टी एका मापानं मोजू नयेत, हे मी मराठवाड्याचा म्हणून ठासून सांगेन. निजामाच्या बाजूनं लढणाऱ्या रझाकारांनी जाळलेल्या गावांची नावं आमच्या घरात तोंडपाठ आहेत. पण शब्द तोच.

पॅरिसला ऐकवण्यासाठी निवडलेला शब्द आमच्या ओसरीवर येऊन बसला. शाळेत ‘मुक्तिसंग्राम’ शिकलो, १७ सप्टेंबरला झेंडावंदन केलं. शेजारच्या मुस्लिम मित्राच्या घरी मात्र अ‍ॅक्शन म्हणजे आजोबा परतले नाहीत ते साल. अ‍ॅक्शननंतर मुसलमानांवर झालेल्या हिंसाचाराची सर्वाधिक झळ बसलेल्या चार जिल्ह्यांत उस्मानाबाद होता, असं त्याची पाहणी करणाऱ्या सुंदरलाल समितीनं नोंदवलं. तो अहवाल सरकारनं कित्येक दशकं लोकांपुढे येऊ दिला नाही.

त्या मित्राची दादी दुपारी आमच्याकडे ज्वारी पाखडायला यायची. “अ‍ॅक्शनच्या आधी तुमच्या आडाला पाणी होतं,” म्हणायची. आजी सुपातला खडा वेचून बाजूला टाकायची, मग दोघी पावसावर बोलायच्या.