सूर्य मावळायच्या आत मुक्काम

नाताळच्या सुट्टीत मुलांना घेऊन गाडीने श्रवणबेळगोळला जायचे तर वाटेत राहावे कुठे, असे ओळखीच्या तीन-चारजणींनी विचारले. सोलापूरहून अंतर सुमारे ६०० किलोमीटर. लहान मूल आणि वयस्कर माणूस बरोबर असले की ते एका दिवसात होत नाही, एक मुक्काम लागतोच. तो कुठे करायचा हे आम्ही चुकून शिकलो, म्हणून आधी चूकच सांगते.

पहिल्यांदा गेलो तेव्हा लेक पाच वर्षांची होती. ह्यांनी नकाशा बघून चित्रदुर्ग ठरवले. पहिल्या दिवशी जास्त अंतर कापले की दुसरा दिवस मोकळा, हा हिशेब. मलाही तो पटला होता. खोलीचे पैसे आधीच भरून टाकले.

निघायलाच आठ वाजले. विजापूरच्या पुढे लेकीला गाडी लागली, दोनदा थांबलो. मग आलमट्टीचे धरण बघायचा हट्ट. होस्पेट आले तेव्हा साडेचार वाजले होते. सासूबाई म्हणाल्या, "इथेच कुठे बघायचं का?" हे म्हणाले, "आई, पैसे भरलेत. दोन-अडीच तासांत पोचतोच." डबा होता, पण चालत्या गाडीत त्या जेवत नाहीत, आणि थांबलो तर उशीर होईल म्हणून आम्ही थांबलो नाही. कुडलिगीच्या आसपास पुढे ट्रक बंद पडून वाहनांची रांग लागली. डिसेंबरातला दिवस, सहाच्या सुमारास सूर्य गेला.

सासूबाईंचा रात्री चारही आहारांचा त्याग आहे. पाणीसुद्धा नाही. त्या काहीच बोलल्या नाहीत, माळ काढून णमोकार म्हणत बसल्या. खोलीवर पोचायला साडेआठ झाले. मी दूध कोमट करून आणले, तर लेकीने तोंड फिरवले. "आजी जेवली नाही. मीपण नाही."

दुपारपासून पोटात अन्न नाही, त्यात उलट्या झालेल्या. हात गार पडले होते. मी समजावले, रागावले, शेवटी मलाच रडू आले. कारण हे तिला कुणी शिकवले? आम्हीच. पाहुणे आले की कौतुकाने सांगायचो, "आमची एवढीशी आहे, पण रात्री काही खात नाही हं!" ती आपली शाबासकी सांभाळत होती.

तेव्हा सासूबाईंनी माळ बाजूला ठेवली आणि पेला स्वतःच्या हातात घेतला. म्हणाल्या, "बाळा, माझा नियम मी समजून घेतलाय. तू अजून घेतलेला नाहीस. आजारी लेकराला उपाशी निजवलं तर त्याचा दोष मला लागेल." आधी दोन घोट, मग हळूहळू सगळा पेला संपला. लेक झोपली. सासूबाई मात्र कोरड्या घशाने रात्रभर जाग्या होत्या. सकाळी सूर्योदयानंतर ४८ मिनिटे झाल्यावरच त्यांनी पाणी घेतले.

मुलाच्या आठ वर्षांपर्यंत त्याच्या आचरणाची जबाबदारी आईबापांवर, असे आमच्याकडे मानतात. मी त्याचा अर्थ 'मुलाकडून नियम पाळून घ्या' असा लावत होते. त्या रात्री कळले, की दिवस असा आखायचा की नियमाचा भार लेकरावर पडूच नये. हे काम आमचे होते आणि ते आम्ही नकाशावर सोडून दिले होते.

आता मुक्काम ठरवताना मी आधी सूर्यास्ताची वेळ काढते, मग मागे मोजत येते. सूर्यास्ताच्या ४८ मिनिटे आधी ताट उचललेले हवे. डिसेंबरात म्हणजे पाचच्या सुमारास. त्याआधी हातपाय धुणे, पाणी गाळणे, वाढणे याला दोन तास. म्हणून तीनला मुक्कामी. मूल बरोबर असले की थांबे धरून तासाला ४० ते ४५ किलोमीटरच पडतात. सकाळी सातला निघून तीनपर्यंत होतात ३२० ते ३६०. या वाटेवर तेवढ्यात होस्पेट येते, बरोबर निम्म्यावर. मे महिन्यात दिवस मोठा, तेव्हा थोडे पुढे गेले तरी चालते.

खोली घेताना फोनवरच विचारते. खोली तळमजल्यावर आहे का? कांदा, लसूण, बटाटा न घालता साधा वरणभात साडेचारला मिळेल का? जिन्याला, गच्चीला कठडा आहे का? खिडक्यांना जाळ्या आहेत का? धर्मशाळेत जेवणाची चिंता नसते, पण गर्दीच्या दिवसांत खोली मिळेलच असे नाही. म्हणून आधी बोलून ठेवते. पैसे मात्र शक्यतो आधी भरत नाही. भरलेले पैसेच आपल्याला पुढे ओढत नेतात.

बरोबर गाळणे, पाण्याची कळशी, सकाळी केलेल्या दशम्या, लसूण न घातलेली शेंगाची चटणी आणि कडक भाकरी. लेकीसाठी राजगिऱ्याचे लाडू आणि खजूर.

दुसऱ्या वेळी होस्पेटला राहिलो. पाचला सगळ्यांची जेवणे झाली, सासूबाई निवांत सामायिकाला बसल्या. सकाळी हंपीतल्या गाणिगित्ती जिनालयात गेलो. कुंथुनाथ भगवंतांचे हे मंदिर १३८५ मध्ये विजयनगरच्या दुसऱ्या हरिहराचा सेनापती इरुगप्पा याने बांधले. कमलापूरजवळ आहे. लेक समोरच्या उंच दगडी स्तंभाभोवती पळत राहिली. घाईत निघून गेलो असतो तर हे दिसलेच नसते. त्या दिवशी संध्याकाळी उजेडातच श्रवणबेळगोळला पोचलो. दुसऱ्या दिवशी विंध्यगिरीच्या सहाशेहून जास्त पायऱ्या लेक स्वतःच्या पायांनी चढली. पोट भरलेले आणि झोप झालेली होती.

आता ती आठ वर्षांची होईल. परवा म्हणाली, "आजी, आता मी नियम घेऊ?"

सासूबाई म्हणाल्या, "घे. पण आजारपणाची आणि प्रवासाची सूट ठेवून घे. आणि तुझ्या बाबांना सांग, गाडी तीनला थांबवायची."