उघडण्यासाठी घट्ट

मोटरसायकलच्या पोटाखाली, चिखलाने माखलेल्या जागी एक बोल्ट असतो. गाडी घेताना लोक टाकीचा रंग बघतात, सीट दाबून बघतात, पण वाकून हा बोल्ट बघणारं गिऱ्हाईक मला अजून भेटलेलं नाही. आमच्या घरी त्याला नुसतं ‘ऑइलचा बोल्ट’ म्हणत. सतरा नंबरचा पान्हा लावायचा, तो काढायचा, जुनं ऑइल खाली सोडायचं आणि तो परत लावायचा. एवढंच त्याचं काम.

तो आमच्या घरात आला वडिलांच्या हिरो होंडा सीडी हंड्रेडबरोबर. 1985 मध्ये ही गाडी बाजारात आली, तेव्हा स्कूटरवाल्यांना तिचं अप्रूप वाटे, कारण पेट्रोलमध्ये ऑइल मिसळायची कटकट नव्हती. टू स्ट्रोक स्कूटरमध्ये ते ऑइल पेट्रोलबरोबर जळून जाई. या फोर स्ट्रोक गाडीत मात्र साधारण लिटरभर ऑइल इंजिनातच फिरत राही आणि काळं पडे. म्हणून ते बदलणं आलं.

कोल्हापुरातल्या आमच्या घराच्या परड्यात हा रविवारचा कार्यक्रम असे. आधी गाडी थोडी फिरवून आणायची, म्हणजे ऑइल पातळ होऊन भराभरा उतरतं. मग आडवा कापलेला पत्र्याचा डबा खाली सरकवायचा. निघालेलं काळं ऑइल वडील कुंपणाच्या वाशांना फासत, वाळवी लागू नये म्हणून. आज ते कुणी करू नये. वापरलेलं ऑइल 2016 च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडतं.

वडील स्वभावाने काळजी करणारे. नळ असा पिळत की आतलं रबर कापलं जाई. या बोल्टवर तर त्यांचा विशेष जीव. गगनबावड्याच्या घाटात बोल्ट सैल होऊन ऑइल सांडलं तर इंजिन जाम होईल, मागे बायको, पुढे टाकीवर पोरगं, अशी चित्रं त्यांच्या डोळ्यांपुढे असत. म्हणून पान्ह्याच्या दांड्यावर पाण्याच्या पाइपचा तुकडा चढवून ते शेवटचा पीळ देत. “आता हलायचा नाही,” असं म्हणत आणि हात पुसत.

त्या पिळाचा हिशेब मला पुढे कळला. असल्या बोल्टला तीस न्यूटन मीटरच्या आसपासचा पीळ पुरतो. म्हणजे वीतभर पान्ह्याच्या टोकाला साधारण पंधरा किलोचा जोर. त्याच जोराने दोन फुटी पाइप ओढला की पीळ तिप्पट होतो. बोल्ट पोलादाचा आणि तो ज्यात शिरतो ते इंजिनाचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, त्यामुळे जोर अति झाला की हार मऊ धातूची होते. बोल्ट स्वस्त, कवच महाग, आणि आटे जातात ते नेमके कवचाचे.

बरं, ऑइल थेंबथेंब गळायचं त्याचं कारण बोल्ट सैल असणं हे नव्हतंच. बोल्टच्या डोक्याखाली एक मऊ वॉशर असतं. दाबलं की चपटं होऊन फट बुजवतं, म्हणूनच ते दर वेळी नवं टाकायचं. आमच्याकडे तेच ते परत बसे. मग थेंब दिसे आणि थेंब दिसला की आणखी पीळ.

वडील थकले आणि गाडी माझ्याकडे आली, तेव्हा बोल्टचं डोकं पार गोल झालं होतं. बारा खाचांचा रिंग पान्हा त्यावर नुसता गरगरला. सहा बाजूंचा बॉक्स पान्हा कोपऱ्यांऐवजी सपाट बाजू धरतो, पण धरायला सपाट बाजूच उरली नव्हती. शेवटी इंजिन गरम केलं. तापल्यावर अ‍ॅल्युमिनियम पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, तेवढीच पकड ढिली होते. मग व्हाइस ग्रिप आवळून धरला आणि झटका दिला. बोल्ट कटकन सुटला, आणि लगेच वाईट अर्थाने हलका झाला. फिरत होता, उतरत नव्हता. आटे गेले होते. डोक्याखाली स्क्रू ड्रायव्हर घालून उचकटत आणि सोबत फिरवत तो बाहेर काढला, तर त्याच्या भोवती अ‍ॅल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली. कवचाचे आटेच ते, बोल्टबरोबर निघून आलेले.

शिवाजी उद्यमनगरात एका लेथवाल्याने ती तार बोटाने उलगडली आणि “पाइप लावून आवळत होता काय?” एवढंच विचारलं. मग भोक मोठं करून नवे आटे पाडले. आटे पाडायच्या टॅपला ग्रीस फासलं होतं, म्हणजे कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो. त्यात हेलिकॉइल, म्हणजे स्टीलच्या तारेची गुंडाळी बसवली. जुन्या मापाचा बोल्ट तिच्यात सहज शिरला. हे आटे मूळच्यापेक्षा दणकट, असं तो म्हणाला आणि ते खरंही आहे. उरलासुरला कीस धुऊन जावा म्हणून मी थोडं ताजं ऑइल वरून ओतून खाली सोडलं.

तेव्हापासून वॉशर नवं, बोल्ट शेवटपर्यंत बोटांनी, आणि मग पान्ह्याचा बेताचा एक पीळ. पाइपचा तुकडा भंगारात गेला. ते भोक कायमचं बुजवायचं असतं तर मुळात ठेवलंच नसतं. त्याला आटे पाडले, म्हणजे ते पुन्हा उघडायचं हे आधीच ठरलेलं आहे. म्हणून बोल्ट लावताना दोन माणसांचा विचार करावा लागतो: गाडीवर बसणाऱ्याचा आणि पुढच्या खेपेला खाली पान्हा घेऊन बसणाऱ्याचा. वडिलांनी पहिल्याचा विचार अगदी जिवापाड केला. दुसऱ्याचा राहून गेला. गंमत एवढीच, की दोन्ही माणसं मीच होतो.