वाद, जल्प आणि आमचे मंगळवार

(तृतीय वर्ष, कला)

महाविद्यालयात आल्यापासून मी दरवर्षी वादविवाद स्पर्धेत भाग घेत आले आहे. त्या स्पर्धेची रीत आपणा सर्वांना ठाऊक आहे. विषय आठ दिवस आधी फलकावर लागतो. अनुकूल की प्रतिकूल हे बहुधा चिठ्ठीने ठरते आणि चिठ्ठी निघाली की आपले मतही लगोलग तयार होते. मग ‘सन्माननीय अध्यक्ष, परीक्षक आणि सुजाण श्रोतेहो’ अशी सुरुवात, चौथ्या मिनिटाला इशाऱ्याची घंटा, पाचव्या मिनिटाला शेवटची, आणि तिच्या आत टाळ्या मिळवील असे एखादे वाक्य. समोरचा स्पर्धक बोलत असताना आपण त्याचे ऐकत नसतो. त्याच्या बोलण्यात फट कुठे सापडते, तेवढेच टिपत असतो. या स्पर्धांनी मला चार लोकांत उभे राहून बोलण्याचे धैर्य दिले, त्याबद्दल मी त्यांची ऋणी आहे. ऐकायला मात्र त्यांनी शिकवले नाही, आणि ते त्यांचे कामही नव्हे.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने हा भेद फार पूर्वीच ओळखला होता. गौतमाच्या न्यायसूत्रांत चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत : वाद, जल्प आणि वितंडा. सत्य काय आहे हे शोधण्यासाठी दोघे बोलतात तो वाद. जिंकण्यासाठी, प्रसंगी शब्दच्छल करूनही बोलतात तो जल्प. आणि स्वतःचा कोणताच पक्ष न मांडता केवळ दुसऱ्याचा खोडून काढायचा, ती वितंडा. आज आपण मराठीत ‘वितंडवाद’ हा शब्द सर्रास वापरतो. पण ज्याला ‘वाद’ म्हणतो तो बहुतेक वेळा जल्पच असतो. घरोघरच्या दूरचित्रवाणीवर रात्री नऊ वाजता जे चालते, आणि व्हॉट्सॲपवरच्या नातेवाइकांच्या गटात निवडणुकीच्या सुमारास जे चालते, त्याला कोणते नाव द्यावे हे वाचकांनीच ठरवावे.

हे सारे आठवण्याचे कारण असे, की गेल्या हिवाळ्यात आमच्या राज्यशास्त्र विभागाने एका उपक्रमात भाग घेतला. नेदरलँड्समधील एका विद्यापीठाचे विद्यार्थी आणि आम्ही, अशा जोड्या लावण्यात आल्या. एका जोडीत दोघेच. ना परीक्षक, ना श्रोते. संगणकाच्या किंवा मोबाइलच्या पडद्यावर समोरासमोर बसून दर मंगळवारी एक तास बोलायचे, असे सहा मंगळवार. विषय मात्र जगाला दुभंगणारे : युद्ध, निर्वासित, धर्म आणि राज्यसत्ता, हवामानबदल. जोडी लावण्यापूर्वी प्रत्येकाकडून काही प्रश्नांची ‘होय’ किंवा ‘नाही’ अशी उत्तरे भरून घेतली होती, आणि ज्यांची उत्तरे जास्तीत जास्त वेगळी त्यांनाच एकत्र आणले होते. लग्नासाठी छत्तीस गुण जुळवतात. इथे न जुळणारे गुण शोधले होते.

ही कल्पना अगदी नवी नाही. १९८८ मध्ये, शीतयुद्ध अजून संपलेले नसताना, न्यूयॉर्क राज्यातील आणि मॉस्कोतील शाळांची मुले संगणकाद्वारे एकमेकांशी जोडली गेली. त्यातूनच पुढे ‘आयअर्न’ हे शाळांचे जाळे उभे राहिले. २०१७ मध्ये जर्मनीतील ‘डी त्साइट’ या वृत्तपत्राने परस्परविरोधी मतांच्या वाचकांच्या जोड्या लावून त्यांना प्रत्यक्ष भेटवले. २०१९ मध्ये तोच प्रयोग युरोपातील देशांच्या सीमा ओलांडून झाला. आमचा उपक्रम त्याच वाटेवरचा, विद्यार्थ्यांपुरता.

नियम एकच होता, पण फार कडक. एकाने पाच मिनिटे बोलायचे. दुसऱ्याने मध्ये तोंड उघडायचे नाही. नंतर दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे आपल्या शब्दांत सांगायचे, आणि ‘हो, मला हेच म्हणायचे होते’ असे पहिल्याने म्हटल्याशिवाय उत्तर द्यायचे नाही. अनातोल रापोपोर्ट या गणितज्ञाने १९६० मध्ये असाच नियम सुचवला होता, असे सरांनी सांगितले. मला वाटले, हा तर आपला पूर्वपक्ष! आपल्याकडील शास्त्रकार आधी प्रतिपक्षाचे म्हणणे मांडत आणि मगच उत्तरपक्षाला हात घालत.

माझी जोडीदार ग्रोनिंगेन प्रांतातली. आमच्याकडे रात्रीचे आठ वाजत तेव्हा तिच्याकडे दुपारचे साडेतीन, आणि खिडकीबाहेर बहुधा पाऊस. मी चंद्रपूरची. आमचे गाव ‘काळ्या सोन्याचे शहर’ म्हणून ओळखले जाते. दोन हजार नऊशे वीस मेगावॅटचे औष्णिक विद्युत केंद्र आमच्या उशाशी आहे, आणि उन्हाळ्यात पारा शेहेचाळीस-सत्तेचाळीसला सहज टेकतो. माझे बाबा एका खुल्या कोळसाखाणीत डंपर चालवतात.

पहिले दोन मंगळवार चाचपडण्यात गेले. दोघींचीही मातृभाषा इंग्रजी नव्हती, हे एका परीने बरेच झाले. अलंकारिक वाक्ये दोघींनाही जमत नव्हती, त्यामुळे जे म्हणायचे ते सरळ म्हणावे लागे. युक्रेनवर बोललो, रशियाकडून भारत तेल का घेतो यावर बोललो. तिसऱ्या मंगळवारी विषय निघाला कोळशाचा, आणि उरलेले सगळे मंगळवार त्यानेच खाल्ले.

प्रश्न असा होता : भारतासारख्या देशांनी कोळशाचा वापर लवकरात लवकर थांबवावा काय? तिचे उत्तर ‘होय’, माझे ‘नाही’.

तिने पाच मिनिटे घेतली. ज्याचा बराच भाग समुद्रसपाटीखाली आहे अशा देशाची मुलगी ती. पाणी वाढणे म्हणजे काय, हे तिला शाळेपासून शिकवलेले. २०१५ मध्ये हेगच्या न्यायालयाने ‘उर्जेंडा’ या संस्थेच्या आणि शेकडो नागरिकांच्या दाव्यावर खुद्द डच सरकारलाच आदेश दिला, की २०२० अखेरपर्यंत उष्णता वाढवणाऱ्या वायूंचे प्रमाण १९९० च्या तुलनेत किमान पंचवीस टक्क्यांनी घटवा. २०१९ च्या डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश कायम केला. २०३० पासून वीजनिर्मितीसाठी कोळसा जाळू नये, असा कायदाही त्याच वर्षी तिथे झाला. आणि मग तिने ग्लासगोचा विषय काढला. २०२१ च्या नोव्हेंबरात तिथल्या परिषदेत ठरावातील ‘टप्प्याटप्प्याने बंद’ हे शब्द शेवटच्या घटकेला भारताच्या आग्रहामुळे ‘टप्प्याटप्प्याने कमी’ असे झाले, तेव्हा अध्यक्ष आलोक शर्मा यांचा गळा दाटून आला होता. “ते मी पाहिले,” ती म्हणाली, “आणि मला तुमच्या देशाचा राग आला.”

जल्पाची सवय असलेली माझी जीभ वळवळत होती. पण नियम! आधी तिचे म्हणणे मला सांगायचे होते. सांगताना पहिल्यांदा मी ‘तुम्ही श्रीमंत लोक आम्हाला उपदेश करता’ असा सूर लावला. तिने मान हलवली : नाही, मी असे म्हटले नाही. दुसऱ्या वेळी जमले : ‘जे पाणी माझ्या घरात शिरणार आहे, त्याबद्दल बोलण्याचा हक्क मला आहे, मग ते कोणाच्या धुरामुळे का वाढेना.’ ती म्हणाली, “हो, हेच.” एखाद्याचे म्हणणे त्याच्यापेक्षा नेटके मांडता येणे, हा आनंद मला नवा होता, आणि त्यानंतर तिच्यावर तुटून पडणे अवघड झाले, हेही खरे.

माझी पाळी आली तेव्हा मी आकडे सांगितले. एक भारतीय माणूस वर्षाला सरासरी दोन टन कार्बन डायऑक्साइड हवेत सोडतो, एक डच माणूस सुमारे सात टन. एकूण बेरजेत आमचा देश चीन आणि अमेरिका यांच्या खालोखाल आहे, हे खरे. पण ती बेरीज एकशे चाळीस कोटींची आहे. २०२३ मध्ये आमच्या विजेपैकी जवळजवळ तीन चतुर्थांश वीज कोळशावरच निर्माण झाली. ती उद्या थांबली, तर दवाखान्यातला पंखा थांबेल आणि अभ्यासाला लावलेला दिवाही. तिने हे सारे मला परत सांगितले आणि शेवटी एक प्रश्न जोडला : “आणि तुझे वडील? खाण बंद झाली तर ते काय करतील?”

हा प्रश्न मी त्याच रात्री घरी विचारला. बाबा तिसऱ्या पाळीला निघत होते. बुटांची नाडी बांधता बांधता म्हणाले, “तिले म्हणा, खाण बंद कर खुशाल. पण आधी सांग म्हणा, डंपर चालवणाऱ्याले दुसरं काय येते?” थोडे थांबून म्हणाले, “अन् तुले म्हणून सांगतो, तू खाणीत येऊ नको.” ही दोन्ही वाक्ये एकाच माणसाची आहेत. आमच्या गावातल्या बहुतेक घरांत ती एकत्रच नांदतात.

पुढच्या मंगळवारी ती दोन्ही वाक्ये मी तशीच्या तशी तिला सांगितली. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग तिने आपल्या प्रांताची कथा सांगितली. तोपर्यंत ती नेदरलँड्सची प्रतिनिधी म्हणून बोलत होती. त्या दिवशी पहिल्यांदा ग्रोनिंगेनची म्हणून बोलली.

१९५९ मध्ये स्लोखतेरेन या गावाजवळ नैसर्गिक वायूचा प्रचंड साठा सापडला. त्यावर सगळ्या देशाची घरे उबदार झाली. सरकारी तिजोरीत गेल्या काही दशकांत सुमारे ३६० अब्ज युरो जमा झाले. वायू उपसला तशी खालची जमीन दबत गेली आणि धरणीकंप होऊ लागले. २०१२ च्या ऑगस्टमध्ये हाउझिंगे येथे ३.६ तीव्रतेचा धक्का बसला. तीव्रता ऐकायला लहान; पण धक्का जमिनीच्या फार जवळ, आणि घरे विटांची. हजारो घरांच्या भिंतींना तडे गेले. तिच्या मावशीच्या घराला लाकडी टेकू लावून वर्षे काढावी लागली. संसदेच्या चौकशी समितीने २०२३ च्या फेब्रुवारीत निष्कर्ष काढला, की ग्रोनिंगेनच्या रहिवाशांच्या हिताकडे वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले. त्याच वर्षी १ ऑक्टोबरला उपसा थांबला आणि २०२४ मध्ये तो कायमचा बंद करणारा कायदा झाला. “पण २०२२ मध्ये रशियाचा वायू तुटला,” ती म्हणाली, “तेव्हा लोक पुन्हा म्हणू लागले, ग्रोनिंगेनचा नळ सोडा. थंडी त्यांची, तडे आमचे.”

मी तिला घुग्घुसची हकिकत सांगितली. चंद्रपूरपासून फार दूर नाही हे गाव. २०२२ च्या ऑगस्टमध्ये तिथे एक राहते घर बघता बघता जमिनीच्या पोटात गडप झाले. खाली जुन्या भूमिगत खाणीची पोकळी होती. घरची माणसे वेळीच बाहेर पडली म्हणून वाचली. तिने माझी हकिकत मला परत सांगितली, मी तिची तिला. आता नियम म्हणून नव्हे, तर बरोबर समजले आहे ना, अशी काळजी वाटत होती म्हणून.

इथे वाचकांना वाटेल, की मग आमचे एकमत झाले. तसे काही झाले नाही. सहाव्या मंगळवारी आम्ही तीच प्रश्नावली पुन्हा भरली. तिचे उत्तर ‘होय’च राहिले, माझे ‘नाही’च. तिचे म्हणणे, पुढची पिढी खाणीत जाऊ नये असे खाणकामगारालाच वाटत असेल, तर बंद करण्याची तारीख आत्ताच ठरवली पाहिजे. तारखेविना कोणतेच सरकार पर्यायी कामाची सोय करत नाही. माझे म्हणणे, आधी सोय, मग तारीख. तारीख आधी ठरली की सोयीचा विसर पडतो, आणि याची साक्ष तिचा प्रांतच देतो. अजूनही मला माझे म्हणणे बरोबर वाटते. पण आता त्यावर सगळ्यांत भक्कम आक्षेप कोणता, हे मला माहीत आहे, आणि तो मला तिच्या आवाजात ऐकू येतो.

या उपक्रमाचे गोडवेच गावेत असे नाही. दोन विद्यार्थिनी बोलल्या म्हणून एखादी चिमणी विझत नाही की एखाद्या घराचा तडा बुजत नाही. ज्यांना इंग्रजी येत नाही ते आमच्या वर्गातले अर्धे मित्र यात येऊच शकले नाहीत. त्यांत खाणीविषयी माझ्यापेक्षा दसपट जाणणारे होते. शिवाय दोघांनाच बोलायचे म्हटले, की आपल्यावर अख्ख्या देशाचे ओझे येते, आणि ज्या गोष्टीबद्दल घरात आपण कडकडून भांडतो, तिचीच परक्यापुढे वकिली करावीशी वाटते. ते ओझे उतरवायला मला तीन मंगळवार लागले.

तरीही एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. कोळशाचा प्रश्न भारत आणि नेदरलँड्स यांच्यामधला आहे, असे समजून आम्ही बसलो होतो. बोलता बोलता दिसले, की तो खनिजाच्या डोक्यावर राहणारे आणि त्याचा उपभोग घेणारे यांच्यामधलाही आहे, आणि ही रेघ दोन्ही देशांच्या आतून जाते. आमच्या केंद्रातली वीज राज्यभर जाते. मुंबई-पुण्याच्या महाविद्यालयांतही वादविवाद स्पर्धा होतात, तिथेही हवामानबदल हा विषय फलकावर लागत असेल. त्यांच्यापैकी कोणाशी मी या विषयावर एक तासही बोललेले नाही.

म्हणून प्राचार्यांना आणि विभागप्रमुखांना माझी नम्र सूचना आहे. येत्या वर्षी अशा जोड्या मराठीतूनही लावाव्यात : चंद्रपूरची एक मुलगी आणि मुंबईचा एक मुलगा, ऊस पिकवणाऱ्याचा मुलगा आणि दुष्काळी गावची मुलगी. नियम तोच, पाच मिनिटे आणि पूर्वपक्ष. ढाल कोणालाच मिळणार नाही. खर्चही फारसा नाही. माझे नाव मी आधीच देऊन ठेवते.