सहीपूर्वी शब्द ओळखावा

आपल्या शेतकऱ्याच्या घरात इंग्रजी शब्द आता पाहुणे राहिलेले नाहीत. मोटार, स्टार्टर, फ्यूज हे शब्द शाळेचे तोंड न पाहिलेली म्हातारी माणसेही अचूक वापरतात. स्टार्टरला कोणी फ्यूज म्हणत नाही, कारण वस्तू रोजच्या हाताखालची. घोटाळा होतो तो कागदावरच्या शब्दांचा. तिथे दोन शब्द सख्ख्या भावांसारखे दिसतात आणि निघतात वेगळ्याच घरचे.

'विटनेस' आणि 'गॅरंटर' हेच पाहा. शेजारी म्हणतो, "अण्णा, बँकेत एक सही करायला या." विटनेस म्हणजे साक्षीदार. सही आपल्यादेखत झाली, एवढेच तो सांगतो. गॅरंटर म्हणजे जामीनदार. १८७२ च्या करार कायद्याप्रमाणे, वेगळे काही ठरलेले नसेल तर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते. कोणाला जामीन राहूच नये असे मी म्हणत नाही. राहावे, पण घरात विचारून आणि समजून.

२००८ साली केंद्र सरकारने शेतीकर्जाची मोठी योजना आणली. तिच्या इंग्रजी नावातच 'वेव्हर' आणि 'रिलीफ' असे दोन शब्द होते. पारावर मात्र दोन्हींना आपण कर्जमाफीच म्हणायचो. दोन हेक्टरपर्यंत जमीन असणाऱ्यांना वेव्हर, म्हणजे योजनेत बसणारी सगळी थकबाकी माफ. त्याहून जास्त जमीन असेल तर रिलीफ. साधारण हिशेब असा, की ७५ टक्के आधी भरा, मग २५ टक्के सुटतील. एका शब्दात एवढा फरक!

पण सर्वांत जास्त घरे ज्या शब्दाने दुखावली जातात तो शब्द 'नॉमिनी'. आपण त्याचा अर्थ सरळ 'वारस' असा करतो. माझ्या मावसबहिणीच्या घरी हेच झाले. तिच्या यजमानांनी लग्नाआधी बँकेत ठेव ठेवली होती आणि नॉमिनी म्हणून धाकट्या भावाचे नाव घातले होते. पुढे लग्न झाले, दोन मुले झाली, नाव तेच राहिले. यजमान अपघातात गेले, तेव्हा बँकेने नियमाप्रमाणे रक्कम दिराच्या हाती दिली. दीर म्हणाले, "कागदावर नाव माझं, म्हणजे दादानं मलाच दिलं." बहीण गप्प बसली. कायदाच तसा असेल असे तिला वाटले. मुलांची फी भरायला तिने गळ्यातली पोत मोडली.

शेवटी तालुक्याच्या एका वकिलांनी दोघांनाही समोर बसवून सांगितले, "नॉमिनी म्हणजे पैसे घेणारा हात. पैशाचे मालक वारसच." विम्याच्या एका खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने १९८३ साली हेच सांगितले आहे. १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याप्रमाणे, मृत्युपत्र नसेल तर पुरुषाच्या मागे पत्नी, मुलगे, मुली आणि आई हे सारख्या हक्काचे वारस. ते असताना भावाचा हक्क येत नाही.

दीर वाईट नव्हते. अर्थ त्यांनाही ठाऊक नव्हता. त्यांनी आईचा, वहिनीचा आणि पुतण्यांचा वाटा मोजून दिला. पण मधल्या वर्षभरात दोन्ही घरांचे बोलणे तुटले होते, ते पूर्वीसारखे जुळायला फार दिवस लागले.

विम्यात मात्र २०१५ पासून थोडा बदल आहे. आईवडील, पती किंवा पत्नी आणि मुले यांच्यापैकी कोणी नॉमिनी असेल, तर ती रक्कम साधारणपणे त्यांच्याच मालकीची होते. म्हणून तर तिथे नाव अधिकच विचारपूर्वक घालावे.

तेव्हा एखाद्या संध्याकाळी जेवणे आटोपली की पासबुके, ठेवीच्या पावत्या, विम्याचे कागद बाहेर काढा. नॉमिनीच्या जागी कोणाचे नाव आहे ते कारभारणीला आणि मुलांनाही वाचून दाखवा. लग्नाआधीचे नाव तसेच असेल तर बदलून घ्या. आपल्या मागे कोणाला काय मिळावे याविषयी मनात काही असेल, तर मृत्युपत्र करा. आणि कागदावरचा शब्द कळला नाही, तर साहेबाला विचारायला लाजू नका. बी घेताना आपण दहा प्रश्न विचारतो, मग सही करताना एक तरी विचारावा.