चोडण बेटावरचे पक्षी आणि डबा शोधण्याचा खेळ

गोव्याहून परतलेला माणूस बहुधा समुद्रकिनाऱ्यांचीच वर्णने करतो. आम्ही आज मांडवी नदीतल्या चोडण बेटाची माहिती देणार आहोत. या बेटाच्या पश्चिम टोकाला डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य आहे. क्षेत्रफळ अवघे 178 हेक्टर, आणि जवळजवळ सगळे खारफुटीचे रान. थंडीच्या दिवसांत आम्ही चार कुटुंबे मुलाबाळांसह तेथे जाऊन आलो.

जाणे अवघड नाही. कोकण रेल्वेने करमळी स्थानकावर उतरावे, जुने गोवे गाठावे आणि पणजीकडे जाणारी बस धरून रायबंदरला फेरीबोटीच्या धक्क्यावर उतरावे. बोटीत माणसे, मोटारसायकली, भाजीच्या पाट्या सगळे एकत्रच असते. पलीकडे उतरले की अभयारण्याचे फाटक चालत जाण्याच्या अंतरावर आहे. पिण्याचे पाणी आणि खाऊ घरूनच न्यावा.

आता खेळाविषयी. आमच्यातल्या एका कॉलेजात जाणाऱ्या मुलाला जिओकॅशिंगचा नाद आहे. 2 मे 2000 रोजी अमेरिकन सरकारने उपग्रहांच्या जीपीएस संदेशात मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, आणि साध्या माणसाच्या हातातले यंत्रही जागा बरीच अचूक दाखवू लागले. दुसऱ्याच दिवशी डेव्ह उल्मर नावाच्या गृहस्थाने ऑरेगन राज्यातल्या रानात एक बादली ठेवली. तीत काही वस्तू, वही आणि पेन्सिल ठेवून त्या जागेचे अक्षांश-रेखांश त्याने लोकांना कळवले. शोधून काढणाऱ्याने वहीत नाव लिहायचे, एखादी वस्तू घेतली तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवायची. तेव्हापासून हा खेळ जगभर पसरला आहे. मोबाईल असला की पुरे, दुसरा खर्च नाही. मुले चालतात, दिशा ओळखायला शिकतात. म्हणून आमचा या खेळाला विरोध नाही.

पण अभयारण्यात डबा लपवायचा का, यावरून फेरीबोटीतच आमच्यात वाद झाला. एका ताईंचे म्हणणे होते, “एवढे पैसे साठवून लेकरांना आणले आणि येथेही हे करू नका, ते करू नका? एका डब्याने रानाचे काय बिघडणार आहे?” प्रश्न रास्त होता. आमच्या मुलांच्या वाट्याला सहली येतातच किती! तेव्हा नुसते ‘नियम आहे’ म्हणून त्यांना गप्प करणे आम्हाला पटले नाही. आधी रान बघू, मग ठरवू, असे म्हणून आम्ही फाटकापाशी आलो. वनखात्याच्या माणसांकडून परवानगी घेतली आणि बांधलेल्या वाटेने आत शिरलो.

ओहोटी लागली होती. वाटेच्या दोन्ही बाजूंना चिखलातून पेन्सिली उभ्या कराव्यात तशी तिवराची मुळे वर आलेली दिसत होती. या चिखलात हवा नसते, म्हणून झाड या मुळांतून श्वास घेते. कांदळाची तऱ्हा आणखी निराळी. त्याचे बी झाडावरच रुजते, लांब शेंगेसारखे लोंबते आणि खाली पडले की चिखलात उभे राहून वाढू लागते. मुले वाकून बघत होती. निवट्या चिखलावरून उड्या मारत होत्या आणि एकच नांगी मोठी असलेले खेकडे ती हलवत होते. येथे चार माणसे वाट सोडून उतरली तर मुळे मोडतील, कोवळी रोपे तुडवली जातील. आणि या खेळात वाट सुटतेच. मोकळ्या जागेत मोबाईल सुमारे पाच मीटरपर्यंत बरोबर असतो, पण दाट फांद्यांखाली तो आणखी चुकतो. बाण कधी इकडे दाखवतो, कधी तिकडे, आणि शोधणारा तेवढा सगळा तुकडा पायाखाली घालतो. एक गेला की त्याच्या पावलांवरून दुसरा जातो. डबा वीतभर असला तरी नुकसान तेवढ्यावर थांबत नाही.

पक्ष्यांचे तर त्याहून नाजूक. चिखलात चोच खुपसून किडे टिपणारे तुतवार आणि चिखल्या हिवाळ्यात फार दूरच्या थंड मुलखांतून आलेले असतात. पाणी उतरलेले असते तेवढेच तास त्यांच्या पोटापाण्याचे, भरती आली की ताट उचलले जाते. आपण जवळ गेलो, ते उडाले, लांब जाऊन बसले, की तेवढा वेळ आणि तेवढी ताकद वाया गेली. हातावर पोट असणाऱ्या माणसाला कामाच्या वेळात कोणी दहादा उठवले तर संध्याकाळी चूल कशी पेटेल? आम्ही हे म्हणताच त्या ताई हसल्या. त्यांना अधिक सांगावे लागले नाही.

कायदाही हेच सांगतो. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार अभयारण्यात परवानगीशिवाय जाता येत नाही, प्राण्यांना त्रास देण्यास आणि कचरा टाकण्यास मनाई आहे. घरट्यांना वा अंड्यांना धक्का लावणे हे तर कायद्याच्या भाषेत शिकारीतच मोडते. खुद्द खेळाचे नियमही जागेच्या मालकाची परवानगी मागतात, डबा पुरू देत नाहीत आणि त्यात खाण्याच्या वस्तू ठेवू देत नाहीत, कारण वासाने जनावरे तो फोडतात.

मग खेळ बुडाला का? मुळीच नाही. या खेळात बिनडब्याचाही एक प्रकार आहे. ठरलेल्या जागी पोहोचायचे, तेथे बघूनच देता येईल असे उत्तर शोधायचे. त्या कॉलेजच्या मुलाने पुढे जाऊन बांधलेल्या वाटेवरच्याच पाच जागांचे आकडे टिपून आणले आणि चिठ्ठ्यांवर प्रश्न लिहिले. येथे तिवर आहे की कांदळ? पाण्याची कालची खूण बुंध्यावर किती उंच आहे? एका जागी प्रश्न होता, पाच मिनिटे न बोलता उभे राहून किती निरनिराळे आवाज ऐकू आले? या जागी आमची सर्वांत वांड पोरगीही गप्प उभी राहिली. तिलाच मानेभोवती पांढरा पट्टा असलेला निळा खंड्या दिसला. तो अशा खाडीकाठच्या खारफुटीतच राहतो. फांदीवरून त्याने चिखलात सूर मारला आणि खेकडा उचलून नेला.

ज्यांच्या नावाचे हे अभयारण्य, त्या सलीम अलींची गोष्टही मुलांना सांगितली. 1896 साली मुंबईत जन्म, लहानपणीच आईवडील गेले, मामांनी वाढवले. छऱ्याच्या बंदुकीने मारलेल्या एका चिमणीच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला, ती कोणती हे विचारायला हा मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला आणि तेथून पक्ष्यांच्या अभ्यासाला लागला. विद्यापीठाची पदवी नाही म्हणून पुढे त्यांना नोकरी नाकारली गेली. तरी 1941 मध्ये भारतीय पक्ष्यांवरचे त्यांचे पुस्तक निघाले आणि 1976 मध्ये पद्मविभूषण मिळाले. 1987 मध्ये ते वारले, पुढच्याच वर्षी हे अभयारण्य जाहीर झाले.

जाणाऱ्यांनी भडक कपडे टाळावेत. मोबाईलवर पक्ष्यांचे रेकॉर्ड केलेले आवाज वाजवू नयेत. पक्षी त्याला दुसरा पक्षी समजून चारा सोडून धावतो. होडीने फिरायचे असल्यास भरती-ओहोटीची वेळ वनखात्याच्या कचेरीत आधी विचारावी.

आणखी एक. हा खेळ खेळणारे बरेच जण जाताना पिशवी नेतात आणि वाटेतला कचरा गोळा करून आणतात. आमच्या मुलांनी फाटकापासून धक्क्यापर्यंतच्या रस्त्यावर दोन पिशव्या भरल्या. बहुतेक वेफर्सची पाकिटे आणि पाण्याच्या बाटल्या. फेरीबोटीत कोळंबीची पाटी घेऊन बसलेल्या एका मावशींनी पिशव्यांत काय आहे ते विचारले. कळल्यावर त्यांनी पाटी सरकवून पिशव्यांना जागा करून दिली.